क्लच, लुओ आणि साळवेबाई

गंगापूर रोडला चढावर थांबलेली गाडी मागे घसरू न देता अलगद उचलणाऱ्या ज्या काही मध्यमवयीन बायका आहेत, त्यांतल्या बऱ्याच जणी त्या क्षणी मनातल्या मनात 'लुओ' म्हणतात. मीही म्हणते. शब्द ग्रीक आहे, अर्थ 'मी सोडतो', आणि तो आम्हाला साळवेबाईंनी दिला. साळवेबाई ग्रीक शिकवत नव्हत्या. त्या मोटार ड्रायव्हिंग शिकवत. ग्रीक त्या स्वतः शिकत होत्या, आणि त्यासाठी वेगळा वेळ त्यांच्याकडे नव्हता.

सातपूरला माझं गणवेश शिवायचं छोटं युनिट आहे. पेठ-सुरगाण्याकडच्या आश्रमशाळांचं काम जास्त. एका वर्षी ऐन जूनमध्ये आमचा ड्रायव्हर न सांगता गावाला निघून गेला आणि शिवलेले गठ्ठे युनिटमध्ये पडून राहिले. त्या दिवशी ठरवलं की आता वय बघायचं नाही, गाडी शिकायची. नवऱ्याकडून शिकण्याचा एक प्रयत्न झाला. त्याबद्दल लिहीत नाही. नंतर मी शकीलभाईंच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं.

"लेडीज टीचर आहे आपल्याकडे," शकीलभाई म्हणाले. "थोड्या कडक आहेत. पण गाडीला आजपर्यंत ओरखडा नाही."

बुटक्या, रुंद खांद्यांच्या, उन्हाने रापलेल्या. सुती साडीवर उन्हासाठी घातलेला पुरुषी पांढरा शर्ट, पायात कापडी बूट. नमस्कार-चमत्कार काही नाही. डाव्या बाजूला बसल्या, त्यांच्या पायाशी असलेला जादा क्लच आणि ब्रेक एकदा दाबून बघितला आणि मला म्हणाल्या, "ताई, चप्पल काढा."

"का?"

"क्लच पायाला कळायला हवा. चपलेला कळून उपयोग नाही."

पहिल्या सिग्नलला गाडी थांबल्यावर त्यांनी शर्टाच्या खिशातून रबरबँड लावलेली पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्यांची गड्डी काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "वरचा शब्द मराठीत लिहिलाय तो वाचा. मागे अर्थ आहे. मला विचारा."

"हे काय आहे?"

"क्रियापदं."

"कसली?"

"ग्रीक."

"कशाला?"

"सिग्नल सुटला. पहिला गिअर."

एवढंच. बाकीचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं, कारण साळवेबाई सलग काही सांगतच नसत. गाडी थांबली की एक वाक्य, चालू झाली की गप्प. त्या ईश्वरविज्ञानाच्या पदवीला बसल्या होत्या, म्हणजे थिऑलॉजीच्या. बायबलचा नवा करार मुळात ग्रीकमध्ये, म्हणून ती क्रियापदं. नोकरी करणाऱ्यांसाठी शनिवारचे वर्ग असत. शनिवार म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचा सगळ्यात गर्दीचा दिवस, त्यामुळे शकीलभाईंनी आधी साफ नाही म्हटलं होतं. मग साळवेबाईंनी आठवड्याची सुट्टी सोडली, पहाटेची एक जादा बॅच घेतली आणि शनिवार मोकळा करून घेतला. रविवारी सकाळी चर्च, संध्याकाळी पुन्हा बॅच. शिवाय घर. नवरा सायमनभाऊ एका छापखान्यातून लवकर निवृत्त झालेले, स्वयंपाक बऱ्यापैकी करणारे. "त्यांची भाजी खारट होते," साळवेबाई म्हणत, "पण वेळेवर होते."

"बाई, या वयात हे सगळं कशासाठी?" मी एकदा विचारलं. रेल्वेचं फाटक बंद होतं, म्हणून पूर्ण उत्तर मिळालं.

"आमच्याकडे छोट्या मंडळ्यांना पूर्ण वेळ पाळक मिळत नाही. मंडळी म्हणजे चर्चची माणसं. महिन्यातून एकदा पाळक येतात, बाकीच्या रविवारी जो उभा राहील तो बोलतो. आणि जो बोलतो तो थांबत नाही. सुरुवात करतो एका गावाला जायची, आणि भलत्याच रस्त्याला लागतो. मला ते बसून ऐकवत नाही."

"म्हणून तुम्ही स्वतः पाळक होणार?"

"दुसरा चुकीची गाडी चालवत असला की मला शेजारी गप्प बसता येत नाही. धंदाच तो आहे माझा."

यात गंमत म्हणून काही नव्हतं. सायमनभाऊंनी नंतर मला सांगितलं की चर्चमध्ये प्रवचन भरकटलं की साळवेबाईंचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जातो. "बाकीचे लोक जांभया देतात, ही ब्रेक मारते," ते म्हणाले. "आणि तिच्या उजव्या बाजूला मी बसतो. ब्रेक माझ्या बोटांवर."

आता 'लुओ'चं सांगते. ग्रीक शिकणाऱ्याला सुरुवातीलाच हे क्रियापद गिरवावं लागतं म्हणे. लुओ, लुएइस, लुएइ. मी सोडतो, तू सोडतोस, तो सोडतो. साळवेबाईंच्या डोक्यात ते दिवसभर चालू असायचं. आणि नव्या बाईला चढावर गाडी उचलायला शिकवताना दिवसातून कितीतरी वेळा सांगावं लागायचं, सोडा, क्लच सोडा, हळू सोडा. आम्हा बायकांचा घोळ असा की 'सोडा' ऐकलं की आम्ही झटक्यात सोडायचो. गाडी आचका देऊन बंद. मागून हॉर्न. एक दिवस त्यांच्या तोंडून चुकून 'सोडा'च्या जागी 'लुओ' गेलं. शेजारच्या बाईला काही अर्थबोध झाला नाही, पण तो लांबट शब्द जेवढा वेळ चालला तेवढा वेळ तिचा पाय हळूहळू वर आला आणि गाडी लोण्यासारखी निघाली. तेव्हापासून तेच. "लुओऽऽ... लुओऽऽ... ठीक." 'ठीक' ही त्यांच्याकडची सर्वांत मोठी शाबासकी होती. मला ती फार उशिरा मिळाली.

यातूनच ते प्रकरण झालं. मी कागदपत्रांची झेरॉक्स द्यायला ऑफिसात गेले होते, त्यामुळे सगळं समोर बघितलं. एक गृहस्थ तावातावाने आत आले. त्यांची बायको आमच्याच स्कूलला शिकत होती.

"माझी मिसेस पोळ्या लाटताना पुटपुटत असते," ते शकीलभाईंना म्हणाले. "लुओ, लुएस, काय काय. विचारलं तर म्हणते, गाडीच्या बाईंनी शिकवलं. कसले मंत्र आहेत हे? गाडी शिकवता का धर्म बदलता तुम्ही?"

शकीलभाईंचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी खुर्ची पुढे केली, पाणी मागवलं. नेमकी त्याच वेळी बाहेर गाडी येऊन थांबली आणि साळवेबाई आत आल्या. मागोमाग, घामाघूम पण खुशीत, त्या गृहस्थांची बायको.

"अहो, तुम्ही इथे?" ती म्हणाली. कारण कळल्यावर तिने कपाळाला हात लावला. "मंत्र कसला? त्याचा अर्थ 'सोडणे'. क्लच सोडायचा."

"मग मराठीत म्हण ना, सोडा."

"तुम्ही शिकवत होता तेव्हा मराठीतच ओरडत होता. गाडी निघाली का एकदा तरी?"

शकीलभाईंनी फाइलीत डोकं घातलं. साळवेबाई हसल्या नाहीत. त्या गृहस्थांना म्हणाल्या, "दादा, मी शिकवत नाही, मी शिकतेय. माझी परीक्षा आहे. सिग्नलला या माझं पाठांतर घेतात. बाकी देवाधर्माचं एक अक्षर मी गाडीत बोलत नाही. विचारा यांना."

ते गृहस्थ "पुन्हा कानावर यायला नको" असं म्हणून बायकोला घेऊन गेले. शकीलभाईंनी दार लोटलं.

"मॅडम, मी शकील, तुम्ही एस्तेर. ते समजले, चांगलं झालं. उद्या दुसरा कोणी येईल, तो समजून घ्यायला येणार नाही. मोबाइल काढून उभा राहील. आपली दोघांची दुकानं एकाच दिवशी बंद होतील. गाडीत ती गड्डी नको."

मला वाटलं, आता वाजणार. साळवेबाईंनी गड्डी खिशातून काढून पर्समध्ये टाकली. "बरोबर आहे," म्हणाल्या.

बाहेर आल्यावर मीच फणकारले. "बाई, तुम्ही ऐकून घेतलंत? एवढासा तर वेळ मिळतो तुम्हाला."

"गाडी त्यांची आहे. आणि त्यांची भीती खोटी नाही. पाठांतर माझं आहे, ते कुठे करायचं ते मी बघते."

आणि बघितलं. पेठ रोडला आरटीओच्या मैदानावर परीक्षेसाठी गाड्यांची रांग लागते, तिथे. बँकेत नंबर येईपर्यंत. दुपारी जेवणाच्या सुट्टीत माझ्या युनिटची मशीनं बंद असतात, तेव्हा माझ्या कटिंग टेबलावर पुस्तक पसरून, उभ्याने. बसायला खुर्ची दिली तर नको म्हणायच्या. "बसले की झोपते." माझ्याकडच्या शिलाईच्या मुली डबा खाता खाता विचारायच्या, बाई आज काय वाचताय? त्या दोन वाक्यांत सांगायच्या. मुलींना कळलं नाही तर पुस्तक पुन्हा पहिल्यापासून. "यांना सांगता आलं नाही म्हणजे मलाच कळलेलं नाही."

गाडीत मात्र त्यानंतर त्यांनी ग्रीकचा शब्द काढला नाही. 'सोडा' म्हणायच्या, शुद्ध मराठीत. 'लुओ' आम्हीच म्हणायचो. तेव्हा त्या खिडकीबाहेर बघत बसायच्या.

असं करत करत त्या शेवटच्या वर्षाला पोचल्या आणि तिथे नापास झाल्या. ग्रीकमध्ये नाही. प्रवचन-सरावात. खऱ्या मंडळीसमोर खरी उपासना चालवायची, प्रवचन करायचं, प्रार्थना म्हणायची, आणि समोर पहिल्या बाकावर शिकवणारे सर वही घेऊन बसणार, असा तो प्रकार. प्रवचन चांगलं झालं होतं. मार्क गेले ते प्रार्थनेत.

"डोळे उघडे ठेवले म्हणून," साळवेबाई म्हणाल्या.

आम्ही माझ्या गाडीत होतो. आता गाडी माझी होती आणि त्या माझ्या डावीकडे नुसत्या बसल्या होत्या, तरी पाय तयारीतच.

"म्हणजे?"

"आमच्यात प्रार्थनेला डोळे मिटतात. सगळेच. मी मिटत नाही. इतकी वर्षं या सीटवर बसतेय, मिटतच नाहीत. सर म्हणाले, पाळकच टक्क उघड्या डोळ्यांनी उभा राहिला तर लोकांचं चित्त कसं लागेल?"

"पण सरांना कसं दिसलं? म्हणजे त्यांचेही उघडेच होते!"

"तेच मी विचारलं."

"तोंडावर?"

"मग कुठे विचारणार? म्हणून तर नापास."

मी हसले, पण त्या हसत नव्हत्या, आणि हसण्यासारखं नव्हतंच. सराव पास झाल्याशिवाय पदवी नाही, पदवीशिवाय पाळकाची दीक्षा नाही, आणि दीक्षेशिवाय कुठलीच मंडळी हाताशी येणार नाही. फेरपरीक्षेची एक संधी होती. ती हुकली तर शेवटचं वर्ष पुन्हा. शकीलभाई आणखी एक वर्ष शनिवार देतील याची खात्री नव्हती, आणि साळवेबाई काही तरुण होत चालल्या नव्हत्या.

मी व्यवहारी बाई आहे. मी म्हटलं, "बाई, दोन मिनिटं मिटा. पदवी हातात पडू दे, मग जन्मभर उघडे ठेवा. एवढ्यासाठी सगळं घालवायचं नाही."

त्यांना ते पटलं. निदान करून बघण्याइतकं पटलं. गाडी माझ्या युनिटच्या आवारात उभी केली, इंजिन बंद केलं, आणि साळवेबाईंनी सराव म्हणून डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. "हे स्वर्गीय पित्या, आम्ही तुझ्यापुढे..." इथपर्यंत आल्या आणि उजवा पाय सरसर पुढे गेला, ब्रेक शोधायला. माझ्या गाडीत त्या बाजूला ब्रेक नाही. डोळे उघडले.

"नाही होत."

"अहो, बंद गाडीत बसलोय आपण. दोन मिनिटांचा तर प्रश्न आहे."

"दोन मिनिटांत हातगाडी आडवी येते." मग म्हणाल्या, "ते सवयीचं झालं. ते मोडता येईल कदाचित. पण सुषमाताई, ज्यांच्यासाठी मागायचं ती माणसं समोर बसलेली असतात. कुणाचा गुडघा दुखतोय, कुणाचा मुलगा घरी बसलाय. त्यांच्याकडे बघितल्याशिवाय मागू कसं? पाठ केलेलं मागितल्यासारखं होतं."

"मग काय करणार?"

"बघू."

'बघू' याचा अर्थ बाकीच्यांच्या बाबतीत काहीही होऊ शकतो. साळवेबाईंच्या बाबतीत त्याचा अर्थ ठरलं असा असायचा.

फेरपरीक्षेला मी गेले. शहरातलंच एक जुनं दगडी चर्च, तिथली माणसं साळवेबाईंच्या ओळखीची. मी मागच्या बाकावर सायमनभाऊंच्या शेजारी बसले, पाय आत ओढून. सर पहिल्या बाकावर, शांत चेहऱ्याचे, पिकल्या दाढीचे गृहस्थ. वही उघडलेली. साळवेबाईंनी त्या दिवशी पांढरी साडी नेसली होती आणि बूट तेच होते. त्या थोडकंच बोलल्या. हातपाय बांधलेला माणूस आपली गाठ आपण सोडू शकत नाही, ती दुसऱ्यालाच सोडावी लागते, आणि तीही हळू, नाहीतर माणूस तोंडावर पडतो, असा काहीसा मुद्दा होता. ग्रीक क्रियापद त्यांनी उच्चारलं नाही, पण मला ते ऐकू येत होतं. एवढं सांगून त्या थांबल्या. भलत्या रस्त्याला लागल्या नाहीत.

मग म्हणाल्या, "आता आपण प्रार्थना करू. तुम्ही डोळे मिटा. मी उघडे ठेवणार आहे. ज्यांच्यासाठी मागायचं आहे त्यांच्याकडे बघून मला मागायचं आहे."

बाकांवर चुळबुळ झाली.  परवानगी मागितली नव्हती, माफीही नव्हती. काय करणार ते सांगितलं होतं, वळायच्या आधी इंडिकेटर दाखवावा तसं. सरांनी मान वर केली आणि त्यांच्याकडे बघत राहिले. त्याही बघत राहिल्या. मग सरांनी पेनाला टोपण लावलं, चष्मा काढला आणि डोळे मिटले. पाठोपाठ सगळ्यांनी मिटले.

मी मिटले नाहीत. मला चुकवायचं नव्हतं. साळवेबाई एकेका बाकाकडे बघत होत्या आणि एकेक गोष्ट मागत होत्या. मागण्या मोठ्या नव्हत्या. गुडघे, नोकरी, पोरीचं बाळंतपण, दोन भावांमधला अबोला. नाव घेत नव्हत्या, पण ज्याचं मागणं असेल त्याच्याकडे बघून मागत होत्या, आणि त्या माणसाला ते मिटल्या डोळ्यांनीही कळत असावं, कारण त्या त्या बाकावर कुणीतरी नाक ओढत होतं. 'आमेन' झालं.

नंतर अंगणात सर त्यांच्याजवळ आले. "साळवेबाई, गेल्या वेळी तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता."

"हो, सर."

"आज मी डोळे मिटले होते. त्यामुळे मला काही दिसलं नाही."

साळवेबाईंनी त्यांच्याकडे क्षणभर बघितलं. "ठीक," म्हणाल्या. सरांना त्या शब्दाची किंमत माहीत असण्याचं कारण नव्हतं.

पदवी मिळाली म्हणून लगेच मंडळी मिळाली असं झालं नाही. समितीत बरेच दिवस चर्चा चालली. बाईमाणूस आहे, गावं लांब आहेत, घाटाचा रस्ता आहे, जाणं-येणं कसं जमणार? "मी गाडी चालवायला शिकवते," साळवेबाईंनी तिथे आठवण करून दिली. शेवटी दीक्षा झाली आणि पेठ रोडला घाट ओलांडल्यावर लागणारी, कुणालाच नको असलेली एक लहान मंडळी त्यांच्या वाट्याला आली. रविवारपुरती. बाकी दिवस शकीलभाईंची गाडी होतीच. मग आमच्या भेटी कमी झाल्या. त्यांना वेळ नव्हता, आणि मला आता सिग्नलला कुणी शेजारी लागत नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात त्या बाजूच्या आश्रमशाळेत मापं घ्यायला गेले होते. मुलांना वर्ग नसतात म्हणून रविवारी बोलावलं होतं. मुलीच्या लग्नाच्या पत्रिका गाडीतच होत्या. म्हटलं, वाटेत साळवेबाईंना देऊन टाकू. गाव सापडलं, चर्च दिसेना. रस्त्याकडेच्या टपरीवर एक म्हातारेबुवा बिडी विझवून उठत होते, अंगात धुतलेला सदरा. त्यांना विचारलं, "बाबा, त्या चर्चच्या पाळकीणबाई कुठे भेटतील?"

बाबा थांबले. "पाळकीणबाई नाय आमच्याकडं."

"अहो, नाशिकहून येतात ना रविवारी? साळवेबाई?"

"त्या व्हय!" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "पाळकीण म्हंजे पाळकाची बायको असती, बाई. त्या कुणाची बायको म्हून येत नाय हितं. त्या पाळकसायेब हायेत. चला, मी तिकडंच चाललोय."

पत्र्याच्या छपराची एक लांबट खोली होती. आतून माणसांची कुजबुज ऐकू येत होती. दाराबाहेर साळवेबाई बूट झटकत उभ्या होत्या. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं असेल तर ते दिसलं नाही. पत्रिका घेतली, उघडली, तारखेवर बोट ठेवलं.

"रविवार?"

"हॉल रविवारचाच मिळाला, बाई. पण मुहूर्त दुपारचा आहे. इथून आटोपून निघालात तरी..."

"दुपारी खालच्या पाड्यावर एक म्हातारी आजारी आहे. तिच्याकडे जाते मी."

"मग संध्याकाळी?"

"बॅच."

"बॅच एक दिवस पुढे-मागे होत नाही? पोरीला तुम्ही..."

"पाळकसायेब," म्हातारेबुवा दारातून हाक मारते झाले, "चला ना. समदी बसल्यात."

"आले," साळवेबाई म्हणाल्या. पत्रिका नीट घडी करून पर्समध्ये ठेवली. "पोरीला सुखी राहा म्हणावं. तिला गाडी शिकवायची असली तर पाठवा." माझं वाक्य अजून माझ्या तोंडात होतं. त्या दोन पायऱ्या चढून आत गेल्या, आणि आतली सगळी माणसं उभी राहिली.